बाराचं पाणी

केरबाला जुन्या फोटोंचा कंटाळा आला होता. दारात कुणी पाकीट घेऊन उभं राहिलं की तो आधी आत निघून जायचा, मागच्या अंगणात उगीच बादल्या हलवायचा, आणि मग चडफडत परत बाहेर यायचा, कारण आलेलं माणूस काही हलत नसे. चूक म्हटली तर त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका वर्तमानपत्रानं रविवारच्या पानावर जुन्या गल्ल्यांचे फोटो छापायला सुरुवात केली. खाली प्रश्न असायचा, ही जागा कुठली. न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसल्या बसल्या केरबानं लागोपाठ पाच फोटोंच्या जागा सांगितल्या, न्हाव्यानं त्या कळवल्या, आणि पाचही बरोबर निघाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून कुणाला आजोबांचं दुकान हुडकायचं असो, कुणाला मोडलेलं माहेर, सगळ्यांना केरबा हवा. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला दुपारी तासभर पडू द्यावं, एवढंही कुणाला सुचत नव्हतं.

छत्तीस वर्षं त्यानं गावाला पाणी सोडलं होतं. कोल्हापुरात सार्वजनिक नळाला चावी म्हणतात, आणि चावीला पाणी कधी येणार हे ज्याच्या मनगटावर ठरायचं, तो हा केरबा. खांद्यावर पुरुषभर उंचीचा लोखंडी पाना टाकून तो निघायचा. भर रस्त्यातलं बिडाचं झाकण उचलायचं, पाना खाली घालायचा, वेढे मोजत फिरवायचा, झाकण टाकायचं आणि पुढच्या झाकणाकडं चालू लागायचं. गल्लीत शिरून चावीला पाणी आलं का, हे बघायला त्याला कधी सवड झाली नाही. आलं नाही तर बायका शिव्या घालत रस्त्यापर्यंत यायच्या, म्हणजे शिव्या आल्या नाहीत की पाणी आलं.

त्यामुळं गाव त्याच्या डोक्यात नावांनी नव्हतं, वेळांनी होतं. हा पाचचा बोळ, ती सातची गल्ली, तो बाराचा कोपरा. फोटो बघताना बाकीची माणसं पाट्या, सज्जे, दारांवरचे गणपती बघत बसायची. केरबा बघायचा चावी कुठं आहे, तिथं माणसं उभी आहेत का, आणि त्यांच्या सावल्या कुठं पडल्यात. सावलीवरून वेळ, वेळेवरून गल्ली. एवढीच त्याची विद्या, आणि ती त्याला कधी दगा देत नव्हती.

दोन हजार तीन सालच्या माघात त्याच्या गळ्यात डोणीच्या बोळाचं प्रकरण पडलं.

डोणीचा बोळ म्हणजे सात घरांची चिंचोळी वाट. मध्ये जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, तिच्यावरून हे नाव. बोळाच्या तोंडावरचं मोठं घर ऋतुराज नावाच्या एका तरण्या माणसाच्या आजोबांचं. ऋतुराज पुण्याला शिकून आलेला, बोलायला नरम, भेटला की वाकून नमस्कार करणारा. त्याला घर पाडून खाली गाळे काढायचे होते, आणि बोळाचं तोंड आपल्याच मिळकतीत येतं असं त्याचे कागद सांगत होते. त्यानं दांडगाई केली नाही. माणसांना जायला मागच्या अंगानं तीन फुटांची वाट सोडतो म्हणाला. माणसं गेलीही असती. पण चिमणाबाईच्या म्हशी तीन फुटांतून जाणार कशा?

चिमणाबाई बोळातल्या शेवटच्या घरात राहायची. साठीला टेकलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती लेक तिकडं नेसरीला दिलेली. दोन म्हशी हाच तिचा संसार. रोज संध्याकाळी त्यांना बोळातून बाहेर काढून दूधकट्ट्यावर न्यायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून द्यायची, हा तिचा सासऱ्यापासूनचा धंदा. पाण्याचा थेंब घातलेला नाही हे दिसतं, म्हणून माणसं ग्लास धरून रांगेत उभी राहतात. केरबाही त्यातलाच एक. बायको गेल्यापासून संध्याकाळचं जेवण म्हणजे त्याला ते दूध आणि घरची शिळी भाकरी. बोळाचं तोंड बंद झालं की म्हशी विकायच्या, आणि म्हशी विकल्या की चिमणाबाईनं नेसरीला जावयाच्या दारात जाऊन बसायचं, एवढा साधा हिशेब होता. जावयाच्या दारात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती उघड म्हणायची.

बोळकरांनी महापालिकेत हरकत घेतली. सुनावणी घेणाऱ्या उपअभियंता विद्याश्री मॅडम गडहिंग्लजकडच्या, बोलण्यात कानडी हेल, कामाला सरळ. त्यांनी मुद्दा नेमका धरला. बोळात सार्वजनिक चावी होती हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. ती अगदी तोंडाशी होती, की आत डोणीजवळ? तोंडाशी असेल तर ती जागा रस्त्याची ठरते, आत असेल तर ऋतुराजचं म्हणणं खरं. घरोघरी नळ आल्यावर चावी कधीच काढून टाकलेली. शेवटची काही वर्षं ती डोणीजवळ होती हे सगळ्यांना आठवत होतं. त्याआधी तोंडाशी होती असं बोळातली म्हातारी माणसं सांगत होती, पण ती सांगणारच. जुने नकाशे मोठ्या वाहिन्यांपुरते होते. केरबाला विचारलं तर त्यानं कानांवर हात ठेवले. चाळीसेक चाव्या, त्यातली कुठली कुठं, तो कधी आत गेलाच नव्हता.

आणि मग एका रविवारी वर्तमानपत्रात फोटो आला. एक जुना फोटोग्राफर वारला होता, त्याच्या मुलानं काचा आणि फिल्मा आणून दिल्या होत्या, त्यातला. अरुंद बोळाचं तोंड, एका बाजूला मोठ्या घराचा दगडी कोपरा, कोपऱ्याला लागून चावी, आणि घागरी घेऊन उभ्या सहा बायका. पाकिटावर फक्त साल होतं, एकोणीसशे सदुसष्ट. चिमणाबाईला वाचता येत नव्हतं, पण शेजारणीनं पेपर दाखवताच तिनं एका पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही आमची सासू. लोक हसले. तर ती म्हणाली, तोंड कुणीबी वळखंल, पाठ वळखायला सून लागती.

ऋतुराजच्या वकिलाचं म्हणणं पडलं की हा तीन रस्ते मिळतात त्या तिकटीजवळचा बोळ आहे. तिथंही तोंडाशी चावी होती, दगडी कोपरा होता, आणि तो बोळ आता रस्ता रुंद करताना पार नाहीसा झाला होता. म्हणजे जाऊन ताडून बघायची सोय नव्हती. मॅडमनी दोन्ही बाजूंना विचारलं, केरबा सांगेल ते मान्य आहे का. ऋतुराज हो म्हणाला. बोळातली माणसं तर खूश झाली. केरबा आपलाच, रोज आपल्या चिमणाबाईचं दूध पितो, तो काय वाकडं सांगणार आहे?

केरबानं फोटो उजेडात धरला, भिंग लावलं. त्याला फार वेळ लागला नाही. सहाही बायकांच्या सावल्या त्यांच्या पायांखाली होत्या. ऊन डोक्यावर, म्हणजे दुपारचे बारा. आणि डोणीचा बोळ पाचचा. पहाटे पाच ते साडेसहा, छत्तीस वर्षांत त्यात बदल नाही. तिकटीचा बोळ बाराचा. मनातून त्याला वाटलं होतं की फोटो चिमणाबाईचा निघावा. पण वाटून काय उपयोग, सावली समोर होती.

"ह्यो तिकटीचा बोळ," तो म्हणाला. "डोणीच्या बोळात बाराला पाणी कवाच नव्हतं."

मॅडमनी जुनं वेळापत्रक काढायला लावलं. त्यात तेच निघालं. बाहेर पडवीत बसलेल्या बोळकरांना फक्त निकाल कळला, कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. चावी तोंडाशी असल्याचं सिद्ध झालं नाही, हरकत असेल तर तीस दिवसांत अपील करावं. केरबा बाहेर आला तेव्हा त्याच्याकडं बघायला कुणी तयार नव्हतं. एकजण थुंकला, तेही लांब, गटारात.

शिव्यांची त्याला सवय होती. पाण्याच्या नोकरीत निम्मा पगार शिव्यांतच मिळतो. पण बोळानं शिव्या दिल्या नाहीत, अबोला धरला, आणि तो केरबाला बाधला. त्याहून वाईट म्हणजे चिमणाबाईनं अबोलाही धरला नाही. संध्याकाळी तो कट्ट्यावर गेला की ती नेहमीसारखी ग्लास घ्यायची, धार काढायची, फेस खाली बसेपर्यंत थांबायची आणि वर आणखी थोडं भरायची. ना रुसवा, ना चेहऱ्यावर काही. केरबाला ते दूध घशाखाली उतरेना. आठ दिवस त्यानं कट्ट्यावर जाणं सोडलं, आणि शिळी भाकरी चहात बुडवून खाल्ली. आपण खरं बोललो, मग आपल्यालाच तोंड लपवायची पाळी का, हे त्याला समजत नव्हतं. त्याला राग यायचा, आणि राग नेमका कुणावर काढावा हे न कळून तो झोपून जायचा.

पंधराव्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात कानावर आलं की शाहूवाडीकडचं गिऱ्हाईक येऊन म्हशींची कास बघून गेलं. केरबा दाढी अर्धीच ठेवून उठणार होता, पण न्हाव्यानं उठू दिलं नाही. दाढी उरकली आणि तो तसाच डोणीच्या बोळाकडं गेला. तोंडाशी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. ऋतुराज अजून अपिलाचे दिवस संपायची वाट बघत होता, तेवढा तो सज्जन होता.

चिमणाबाई डोणीजवळ शेणी थापत होती. त्याला बघून तिनं नुसती मान हलवली. केरबा उभाच राहिला. येताना त्यानं पुष्कळ जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही आठवेना.

"वैनी, मी खोटं बोललो न्हाई," तो म्हणाला.

"मी कुठं म्हणलं खोटं बोललासा?"

"मग कशापायी बोललो ते तरी ऐका."

त्यानं सगळं सांगितलं. सावल्या, वेळ, पाचचा बोळ आणि बाराचा बोळ. आपली विद्या त्यानं आजवर कुणाला उघड करून सांगितली नव्हती, पण आता ती झाकून ठेवण्यात काही मजा राहिली नव्हती. चिमणाबाई ऐकत होती, शेणी थापत होती. बारा वाजता असं तो म्हणाला, तेव्हा तिचे हात थांबले.

"बाराला आलतं की पाणी," ती म्हणाली.

"तुमच्या बोळात? वैनी, मी सोडत हुतो पाणी. कवाच न्हाई."

"एकदा आलतं. तुमीच सोडलासा. आमचा गुंडू गेला त्या दिवशी."

केरबा डोणीच्या काठावर बसला. त्याला कुणी गुंडू आठवत नव्हता, तो दिवस आठवत नव्हता. पण तिनं काय म्हटलं हे त्याला लगेच कळलं.

पाणी सोडणाऱ्यांत एक रिवाज होता. तो कुणी शिकवला नव्हता, जुन्या माणसाला करताना बघून नवा शिकायचा. एखाद्या गल्लीत मयत झाली, की घरातलं कुणी बापई माणूस रस्त्यावर यायचं आणि डोक्याचा पटका हातात घेऊन झाकणापाशी उभं राहायचं. बोलायचं नाही. पाणी सोडणाऱ्यानंही विचारायचं नाही, कोण गेलं, केव्हा गेलं. पाना घालायचा आणि तासभर पाणी द्यायचं, कारण मुडद्याला आंघोळ लागते, घर धुवायला लागतं, नेऊन आलेल्यांना लागतं. ते वहीत लिहायचं नाही. लिहिलं तर वरून विचारणा येणार, आणि विचारणा आली की पुढच्या घरच्या मयतीला पाणी मिळणार नाही. केरबानं असं पाणी किती वेळा सोडलं असेल, शंभरदा, दोनशेदा. उपकार म्हणून केलं असतं तर ध्यानात राहिलं असतं. ते कामच होतं, म्हणून विसरून गेला. फोटो हातात घेऊन त्यानं सगळं आठवलं होतं, आपण स्वतः केलेलं तेवढं आठवलं नव्हतं.

चिमणाबाई हात धुऊन त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. वैशाख होता. पोर दोन वर्षांचं, तीन दिवस तापानं फणफणत होतं, सकाळी गेलं. सासरे रस्त्यावर गेले, पटका काढून उभे राहिले. पुढं सासू मरेपर्यंत सांगत होती, केरबानं एक शब्द इचारला न्हाई, पाना घातला. सासू आणि शेजारणी घागरी घेऊन चावीवर गेल्या. फोटोवाला आला होता, पोराचा शेवटचा फोटो काढायला.

"मी कुठं भायेर आलोतो," ती म्हणाली. "मला धरून आणून दारातल्या कट्ट्यावर बशिवलं, मांडीवर पोर दिलं. म्होरं काय दिसत हुतं, कोण पाणी भरत हुतं, मला इचारू नगासा."

आपल्या हातानं सोडलेल्या पाण्यावरच आपण तिचा बोळ घालवला, हे केरबाला सरळ दिसत होतं, आणि त्याची एवढी लाज वाटत होती की डोणीत तोंड घालावंसं वाटलं. तो म्हणाला, उद्याच मॅडमकडं जातो आणि सांगतो. ती म्हणाली, मानतील का. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मानणार नाहीत. पहिलाच प्रश्न येणार, वहीत नोंद आहे का. नोंद नाही. आज एक सांगणाऱ्या आणि पंधरा दिवसांनी उलटं सांगणाऱ्या म्हाताऱ्याला, तेही त्या बाईच्या हातचं दूध पिणाऱ्याला, कोण विचारतं? त्यानं तिला तेही सांगितलं. खोटी आशा लावायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

ती उठून आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला, आणि मग कितीतरी वेळ कसलाच आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तुमीच बगा," ती म्हणाली. "मी बगणार न्हाई. आणला त्या दिवशी गुंडाळून ठेवलाय, अजून सोडला न्हाई. त्यात बोळ असंल तर घेऊन जावा. नसंल तर परत गुंडाळा."

ती त्याच्याकडं पाठ करून म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत उभी राहिली. केरबानं गाठ सोडली. फोटो पत्र्याएवढा कडक राहिला होता. मागं त्याच फोटोग्राफरचा शिक्का, आणि पेन्सिलीनं तारीख. पुढं कट्ट्यावर बसलेली एक बाई, विशीतली, डोळे खाली. तिच्याकडं बघायला त्याला संकोच वाटला. मांडीवर पोर, निजल्यासारखं. त्यानं नजर वर नेली. बाईच्या मागं उन्हात ही डोण होती, जिच्यावर तो आत्ता बसला होता. डोणीच्या पलीकडं बोळाचं तोंड, दगडी कोपरा, कोपऱ्याला लागून चावी, आणि चावीवर घागरी घेऊन सहा बायका. त्यातली एक पाठमोरी, पदराला पेपरातल्या फोटोतलं तेच ठिगळ, कुशीत पोचा आलेली तीच घागर. फिल्म उरली म्हणून फोटोग्राफरनं जाता जाता चावीवर आणखी एक काढला असणार. तोच पस्तीस वर्षांनी पेपरात आला होता.

"हाय," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमपुढं उभा राहिला. आधी सांगितलं की माझं चुकलं. मग पटक्याचं आणि पाण्याचं सांगितलं. मॅडमनी विचारलंच, नोंद आहे का. तो म्हणाला, लिहायची पद्धत नव्हती. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा त्यानं गाठ सोडली आणि फोटो पेपरातल्या फोटोशेजारी ठेवला. मॅडमनी भिंग घेतलं, एकदा या फोटोवर धरलं, एकदा त्या. मग भिंग खाली ठेवलं. ऋतुराजला बोलावणं गेलं. त्यानं फोटो दोन्ही हातांनी घेतला, दोन्ही हातांनी परत दिला, आणि वकिलाला काही बोलू न देता म्हणाला, माझी हरकत नाही, चावी तिथंच होती. फाइलीला झेरॉक्स लागली. शिपाई फोटो घेऊन जाऊ लागला तर केरबानं हातातून सोडला नाही, स्वतः मशिनीपर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. त्या खोलीत त्याला कुणी शाबासकी दिली नाही, आणि त्याला ती नकोच होती. परत येताना पायऱ्या उतरून तो तिथंच बसून राहिला. घरी जाऊन झोपावं, महिनाभर उठूच नये, असं वाटत होतं.

शनिवारी बोळाच्या तोंडावरची फक्की पावलांनी पुसली गेली. शाहूवाडीच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून निरोप गेला. केरबा रविवारी सकाळीच फोटो परत करायला गेला. पुन्हा बांधलेली ती पुरचुंडी त्यानं रात्रभर उशाला घेतली होती, कारण दुसरीकडं ठेवायचा धीर झाला नव्हता.

चिमणाबाई म्हशीखाली बसून सकाळची धार काढत होती. तिनं मान वळवली नाही. कट्ट्यावर ठेवा म्हणाली. त्यानं ठेवली. मग जावं की थांबावं हे न कळून तो तिथंच उभा राहिला. बादलीत धारेचा आवाज येत होता. ती बोलली, म्हशीच्या पोटाकडं बघतच बोलली.

"अण्णा, एक इचारू? कुंची हुती का त्याच्या डोक्यावर?"

केरबाला आधी कळलं नाही. ती म्हणाली, खणाची कुंची शिवली होती मी. त्या दिवशी सासूला सांगितलं होतं, आत्याबाई, कुंची काढू नका, तशीच राहू द्या. मग मला काही सुचलं नाही, कोण कुठं काय करत होतं. ती कुंची परत घरात कधी दिसली नाही. त्याच्यासंगं गेली की कुणी काढून टाकली, हे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. हे सगळं ती एका सुरात सांगत होती, आणि हात चालू होते.

केरबानं फोटो पंधरादा तरी बघितला होता. मॅडमच्या भिंगातून बघितला होता, झेरॉक्सच्या उजेडात बघितला होता. पोराचं डोकं उघडं होतं. केसांना तेल लावून भांग पाडलेला होता, आणि डोक्यावर ऊन पडलं होतं.

"हाय की," केरबा म्हणाला. "कुंची हाय. कानापतूर वढलेली हाय."

चिमणाबाईनं धार थांबवली नाही.

"मग ऊन लागलं नसंल त्याला," ती म्हणाली.